शाळेतील मुका श्रोता

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या मराठी भाषेने कुत्र्याला फारसा मान दिलेला नाही. एखाद्याची फारच वाईट अवस्था झाली की 'त्याचे हाल कुत्रा खात नाही' असे आपण म्हणतो. माणसाची खोड जात नसेल तर कुत्र्याच्या शेपटाचा दाखला देतो. पण त्याच वेळी दत्ताच्या तसबिरीत देवाच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावत असतो आणि महाभारताच्या शेवटी धर्मराज सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला तयार होत नाही. म्हणजे देवाच्या दारात कुत्रा चालतो. शाळेच्या दारात मात्र त्याला हाकलण्यासाठी शिपाईमामा काठी घेऊन उभे असतात.

असे असताना इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांतील काही प्राथमिक शाळांत कुत्र्याला समारंभपूर्वक आत घेतले जाते, त्याचे वेळापत्रक ठरते, त्याला वर्ग वाटून दिले जातात, हे मी प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. आमच्या मानसशास्त्राच्या तासाला सरांनी हा विषय काढला, तेव्हा सारा वर्गच हसला होता. पुढे ग्रंथालयात बसून मी त्याविषयी जमेल तेवढे वाचले. तेव्हा हसू मावळले आणि काही जुन्या गोष्टी आठवल्या. त्या सर्व वाचनाचा सारांश मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. मी कुत्र्याला भिते. दुसरीत असताना शेताच्या वाटेवर एक कुत्रा माझ्या पोटरीला चावला. वडिलांच्या सायकलवर मागे बसून तालुक्याच्या दवाखान्यात सुया घेण्यासाठी मी चार फेऱ्या केल्या. आजही रस्त्यात कुत्रा दिसला की मी बाजू बदलते. तेव्हा हा लेख कुत्र्याच्या प्रेमातून लिहिलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

हा कुत्रा कोणता?

इंग्रजीत या कुत्र्याला 'वेलबीइंग डॉग' म्हणतात. वेलबीइंग म्हणजे स्वास्थ्य, मनाची बरी अवस्था. आपण त्याला 'सोबती कुत्रा' म्हणू.

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा आणि हा कुत्रा यांची गल्लत होऊ नये. ब्रिटनमध्ये अंधांना वाट दाखवणारे पहिले चार कुत्रे १९३१ साली तयार झाले. असा कुत्रा एकाच अपंग व्यक्तीच्या सेवेत असतो, आणि तिथल्या २०१० च्या समानता कायद्यामुळे त्या व्यक्तीला दुकानात, उपाहारगृहात, गाडीत त्याला सोबत नेता येते. शाळेतल्या सोबती कुत्र्याला असा कोणताही हक्क नाही. शाळेने बोलावले तरच तो येतो, आणि नको झाला तर शाळा त्याला परत पाठवू शकते. तो शाळेचा पाहुणा असतो.

असे कुत्रे साधारण तीन प्रकारे शाळेत येतात. काही ठिकाणी मुख्याध्यापकांचा किंवा एखाद्या शिक्षिकेचा घरचा कुत्रा त्यांच्याबरोबर सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. काही शाळा स्वतः पिल्लू विकत घेतात, पण रात्री व सुटीत ते कोणा शिक्षकाच्याच घरी राहते. तिसऱ्या प्रकारात स्वयंसेवक आपला कुत्रा घेऊन आठवड्यातून एकदा तास-दोन तास येतो. ब्रिटनमध्ये १९८३ साली स्थापन झालेली 'पेट्स ॲज थेरपी' ही संस्था अशा भेटींची व्यवस्था करते. ऑस्ट्रेलियात २००९ पासून 'स्टोरी डॉग्ज' नावाची संस्था मुलांनी कुत्र्याजवळ बसून वाचावे म्हणून काम करते.

कल्पना कुठून आली?

आजाऱ्याला प्राण्याची सोबत बरी वाटते, ही गोष्ट जुनीच आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ साली मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचा आश्रम सुरू झाला. त्या काळी वेड्यांना साखळदंडाने बांधून ठेवत. या आश्रमाच्या अंगणात मात्र ससे, कोंबड्या असे लहान प्राणी ठेवले होते, आणि रुग्णांनी त्यांची निगा राखावी अशी अपेक्षा होती. परिचारिकांची आदर्श मानली जाणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनेही शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला लहानशा पाळीव प्राण्याची सोबत चांगली, असे नमूद केले आहे.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट नीट मांडली ती न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी. त्यांच्याकडे जिंगल्स नावाचा कुत्रा होता. एके दिवशी कोणाशीही न बोलणाऱ्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील ठरलेल्या वेळेच्या आधीच येऊन पोहोचले. जिंगल्स तेव्हा खोलीतच होता. तो धावत गेला आणि मुलाला चाटू लागला. मूल घाबरेल असे सर्वांना वाटले, पण ते कुत्र्याला कुरवाळू लागले. पुढील भेटींत ते मूल आधी कुत्र्याशी खेळे. डॉक्टर त्या खेळात हळूच सामील होत, आणि मग मूल डॉक्टरांशीही बोलू लागले. लेव्हिन्सन यांनी हा अनुभव १९६१ साली मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत सांगितला, तेव्हा काहींनी त्यांची थट्टा केली असे म्हणतात. (आमच्या वर्गाचे हसणे त्यामुळे क्षम्य ठरावे!) १९६२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९६९ साली पुस्तक. या विषयातले पुढचे बरेचसे काम त्यांच्यापासून सुरू झाले.

त्यानंतर १९९९ साली अमेरिकेतील युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी या शहरी एक वेगळाच प्रयोग सुरू झाला. वाचनात मागे पडलेल्या मुलांनी ग्रंथालयात कुत्र्याजवळ बसायचे आणि त्याला गोष्ट वाचून दाखवायची. पुढे तो शाळाशाळांतून पसरला.

मुलाला नेमके काय मिळते?

कुत्र्याला वाचून दाखवायचे! ऐकायला हे विनोदी वाटते. त्याला काय कळणार? पण त्याला काही कळत नाही, यातच या प्रयोगाचे मर्म आहे.

इथे मला माझी तिसरी आठवते. त्या वर्षी वडिलांनी मला वस्तीवरच्या शाळेतून काढून तालुक्याच्या शाळेत घातले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला उभे राहून धडा वाचायला सांगितला. मी 'पाणी' या शब्दाला 'पानी' म्हटले. आमच्या घरी सगळे 'पानी'च म्हणत. वर्ग हसला. पुढच्या ओळीत 'कोणी'चे 'कोनी' झाले, आणि पुन्हा हसू उसळले. त्या दिवसापासून वाचायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडे आणि ओळखीची अक्षरेही अनोळखी दिसू लागत. मला वाचता येत नव्हते असे नाही. मला ऐकणाऱ्यांची भीती वाटत होती.

संध्याकाळी आजी चुलीपुढे बसून तांदूळ निवडायची. ती म्हणायची, "वाच गं, मी ऐकतीया." आजीला एक अक्षर येत नव्हते. माझी चूक तिला कळत नव्हती, म्हणून ती दुरुस्तही करत नव्हती. मी अडखळले की ती थांबायची, तिची बोटे तेवढी सुपातून फिरत राहायची. तेवढ्या वेळात अडलेला शब्द आपोआप सुटायचा. आमच्या घरात शिकलेले कोणी नाही याचे मला तेव्हा वाईट वाटे. आज मानसशास्त्राचे पुस्तक वाचताना कळते की, मला वाचायला शिकवण्यात आजीच्या त्या ऐकण्याचा वाटा फार मोठा होता.

शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट मोजून पाहिली आहे. १९८३ साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ मुलांचा रक्तदाब मोजला. मोठ्याने वाचताना मुलांचा रक्तदाब चढत होता, परंतु खोलीत एक ओळखीचा नसलेला, शांत कुत्रा असला तर तो कमी राहत होता. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो तिसरीच्या १०२ मुलांवर केलेला होता. मुलांचे चार गट पाडले. एका गटाने कुत्र्याला, दुसऱ्याने मोठ्या माणसाला आणि तिसऱ्याने कापसाच्या अस्वलाला वाचून दाखवले. चौथा गट नेहमीप्रमाणे शिकत राहिला. दहा आठवड्यांनी पाहिले तर, वाचलेल्याचा अर्थ समजण्यात कुत्र्याचा गट इतर तिन्ही गटांच्या पुढे होता. म्हणजे नुसते ऐकणारे माणूस पुरले नाही आणि नुसते मऊ खेळणेही पुरले नाही. श्रोता जिवंत हवा, पण तो परीक्षक नको.

ताणाविषयीही असाच अभ्यास झाला आहे. मनावर ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते, आणि ते लाळेतून मोजता येते. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ ते दहा वर्षांच्या मुलांना चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटे कुत्र्याच्या सहवासात ठेवले. इतर मुलांना त्या वेळी शवासनासारखी विश्रांती दिली किंवा नेहमीचे वर्ग चालू ठेवले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कुत्र्याच्या सहवासातील मुलांची ताणाची पातळी इतर मुलांपेक्षा कमी राहिली.

तथापि याचा गाजावाजा करणे योग्य नाही. २०१६ साली काही संशोधकांनी कुत्र्याला वाचून दाखवण्यासंबंधीची ४८ संशोधने एकत्र तपासली. फायदा होत असावा असे दिसते, पण पुष्कळ संशोधने कच्च्या पद्धतीने केलेली आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कुत्रा म्हणजे औषध नव्हे. ज्या मुलाला खरोखर डॉक्टरांची वा समुपदेशकाची गरज आहे, त्याला कुत्र्याजवळ बसवून मोठ्यांनी आपली जबाबदारी संपली असे मानू नये.

आधी विचारणे, मग आणणे

मला या सर्व प्रकारात विशेष वाटले ते कुत्र्याला शाळेत आणण्याच्या पद्धतीचे. एके सकाळी मुख्याध्यापक कुत्रा घेऊन आले आणि मुले टाळ्या वाजवू लागली, असे नीट चाललेल्या शाळेत घडत नाही. कुत्रा वर्गात पाऊल टाकतो त्याच्या कितीतरी आधीपासून विचारपूस चालू असते.

पहिला प्रश्न असतो, कुत्रा कशासाठी हवा? 'दुसऱ्या शाळेने आणला' हे कारण होऊ शकत नाही. वाचनात अडणारी मुले, सकाळी शाळेत यायला रडणारी मुले, घरी काही दुःख घडलेली मुले, यांपैकी कोणासाठी तो हवा हे ठरवावे लागते. मग शाळेची नियामक समिती मंजुरी देते. विमा उतरवला जातो. कोणता धोका कुठे संभवतो आणि तो टाळण्यासाठी काय करायचे, याची लेखी यादी होते. कुत्रा जिन्यात मुलाच्या पायात आला तर? आगीची घंटा वाजली तर त्याला कोण बाहेर नेणार? सांभाळणारी शिक्षिका रजेवर असली तर? अशा प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर यावी लागतात.

त्यानंतर पालकांना पत्र जाते. मुलाला कुत्र्याच्या केसांचा त्रास होतो का, भीती आहे का, घरच्या धर्माचाराला अडचण आहे का, असे त्यात विचारलेले असते. कित्येक मुसलमान कुटुंबांत कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात. त्या मुलांना कुत्र्याचा स्पर्श होऊ नये याची व्यवस्था केली जाते, आणि त्याबद्दल त्यांना कोणी टोचून बोलू नये हेही पाहिले जाते. संमती नसलेले मूल कुत्र्याजवळ पाठवले जात नाही.

केसांच्या त्रासाविषयी एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. अमुक जातीच्या कुत्र्याचा त्रास होतच नाही, असे विक्रेते सांगतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडोर आणि पूडल यांच्या संकरातून 'लॅब्रॅडूडल' तयार केला. एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता आणि त्यांच्या पतीला कुत्र्याचे केस सोसत नव्हते, म्हणून तो खटाटोप होता. आज शाळांमध्ये ही जात फार लोकप्रिय आहे. परंतु त्रास देणारे द्रव्य केसांपेक्षा कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असते. ते सर्वच जातींत असते. म्हणून केस कमी गळणारा कुत्रा आणला तरी पालकांना विचारण्यातून सुटका नाही.

कुत्र्याची निवडही जातीपेक्षा स्वभावावरून करावी लागते. पशुवैद्याकडून तपासणी, लसी, जंताचे औषध, पिसवांचे औषध हे सर्व वेळच्या वेळी व्हावे लागते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळख क्रमांकाची बारीक चकती बसवणे सक्तीचे आहे.

यानंतर प्रत्यक्ष ओळख, आणि तीही पायरीपायरीने. प्रथम कुत्रा रिकाम्या शाळेत येतो. मुले नसताना व्हरांडे, बाके, घंटेचा आवाज यांची त्याला सवय करतात. मग काही दिवस तो शिक्षकांच्या खोलीत किंवा कार्यालयात बसतो. मुलांना तो लांबूनच दिसतो. दरम्यान वर्गावर्गातून मुलांना नियम शिकवले जातात. ते असे :

आधी सोबतच्या शिक्षकांना विचारावे. कुत्र्याकडे आपण जाऊ नये, त्याला आपल्याकडे येऊ द्यावे. डोक्यावरून हात फिरवू नये, खांद्यावर किंवा छातीवर हळूच फिरवावा. दोन-तीन क्षणांनी हात काढून घ्यावा. तो जवळच राहिला तर त्याला आवडले, तो दूर झाला तर त्याला पुरे झाले. गळ्यात पडू नये. खाताना व झोपेत त्याला हात लावू नये. धावू नये, किंचाळू नये. भीती वाटली तर झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. शेवटी साबणाने हात धुवावेत.

हे नियम पाठ झाले की एका वर्गात, दोरीने धरलेला कुत्रा थोडा वेळ येतो. मग दुसऱ्या वर्गात. एकही क्षण मुले आणि कुत्रा मोठ्या माणसावाचून एकत्र राहत नाहीत, हा सर्वांत मोठा नियम. कुत्रा कितीही गरीब असला तरी त्याला अपवाद नाही.

भिणाऱ्या मुलाचे काय?

मी त्या शाळेत असते तर माझे काय झाले असते, हा प्रश्न वाचताना सतत माझ्या मनात होता. गावाकडे भिणाऱ्याला हमखास ऐकावे लागते, "काही करत नाही तो, लाव हात!" आणि कोणीतरी हात धरून पुढे ओढतो. त्याने भीती जात नाही, उलट ओढणाऱ्या माणसाचीही भीती बसते.

चांगल्या शाळांत अशा मुलाला कुत्रा कोणत्या वारी, कोणत्या खोलीत असेल हे आधी सांगून ठेवतात. दारावर पाटी असते. त्याची वाट वेगळी ठेवली जाते. भीती घालवायची की नाही, हे ते मूल ठरवते. त्याची इच्छा असेल तर पायऱ्या ठरवतात. आधी कुत्र्याचे चित्र पाहायचे. मग खिडकीतून पाहायचे. मग मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहायचे. प्रत्येक पायरीवर मन स्थिर झाले तरच पुढची पायरी, आणि कधीही 'आज नको' म्हणण्याची मुभा. मानसशास्त्रात भीती कमी करण्याची ही मान्य पद्धत आहे. एखादे मूल शेवटपर्यंत खिडकीशीच थांबले तरी ते नापास झाले असे समजायचे नाही.

कुत्र्याचीही बाजू

मुलांना विचारले, पालकांना विचारले. कुत्र्याला कोणी विचारले का? त्याला बोलता येत नाही, पण तो सांगत असतो. झोप आली नसताना दिलेली जांभई, खाणे समोर नसताना ओठांवरून फिरवलेली जीभ, वळवलेले तोंड, मागे पाडलेले कान, पायांत घातलेले शेपूट या सर्वांचा अर्थ 'मला हे सोसवत नाही' असा असू शकतो. शेपूट हलले म्हणजे कुत्रा खूश, हेदेखील नेहमी खरे नसते. लिंकन विद्यापीठाच्याच संशोधकांना असे आढळले की, लहान मुले दात विचकलेल्या कुत्र्याला हसणारा कुत्रा समजतात. म्हणून ही भाषा आधी शिक्षकांनी शिकायची आणि मग मुलांना शिकवायची असते.

इंग्लंड व वेल्समध्ये २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या गरजा भागवण्याची जबाबदारी आहे. योग्य जागा, योग्य अन्न, स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, इतर प्राण्यांची हवी-नको ती संगत आणि दुखण्यापासून संरक्षण, अशा या पाच गरजा होत. शाळेत त्याचा अर्थ असा की, कुत्र्याला स्वतःची एक जागा हवी, जिथे एकाही मुलाने जायचे नाही. पाणी हवे, फिरणे हवे, कामाचे तास थोडे हवेत. मुलांच्या डब्यातले चॉकलेट, मनुका, द्राक्षे, कांदा हे कुत्र्याला विषासमान असते. प्रेमाने दिलेला घासही त्याच्या जिवावर बेतू शकतो. ज्या कुत्र्याला शाळेची गडबड सोसत नाही, त्याला घरी राहू द्यावे लागते. आणि म्हातारा झाला की त्यालाही सेवानिवृत्ती असते.

हे सारे पाहून मुलांना एक गोष्ट न सांगता कळते. ज्याला बोलता येत नाही, त्याचेही 'नको' ऐकायचे असते. मला वाटते, वाचनापेक्षाही हा धडा मोठा आहे.

आपल्याकडे काय?

हे वाचून कोणी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कुत्रा आणायचे म्हणेल, तर मी तरी त्याला होकार देणार नाही. ब्रिटनच्या भूमीवर कुत्र्यांतील रेबीजचा शेवटचा देशी रुग्ण १९२२ साली आढळला. आपल्याकडे हा रोग आजही माणसे मारतो, आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुधा कोणताच इलाज चालत नाही. वाटेवरच्या कुत्र्यांतून जीव मुठीत धरून शाळेला येणारी मुले आपल्याकडे आहेत. त्यांपैकी मी एक होते. आपल्या मुलांना आधी हे शिकवले पाहिजे की, कुत्रा चावला तर घरी लपवू नये, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी. झाडासारखे स्तब्ध उभे राहण्याचा नियमही आपल्या मुलांच्या उपयोगाचा आहे.

पण कुत्रा आणता आला नाही म्हणून त्यामागचा विचार आणता येत नाही असे थोडेच आहे? न हसणारा, न टोकणारा, घाई न करणारा श्रोता एवढीच ती कल्पना आहे. कुत्र्याला 'न' आणि 'ण' यांतला भेद कळत नाही. आपल्याला तो कळतो, पण कळूनही वीस मिनिटे गप्प बसणे आपल्याला अशक्य आहे काय? शुद्ध उच्चार शिकवू नयेत असे मला म्हणायचे नाही. ते शिकवलेच पाहिजेत, आणि पुढे मलाही एका बाईंनीच प्रेमाने ते शिकवले. पण ज्या मुलाचे तोंडच उघडत नाही, त्याचे उच्चार सुधारायचे कसे? आधी तोंड उघडू द्यावे.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी झाडे लावतात, गटारे साफ करतात. ती कामे चांगलीच आहेत. त्यांत एका कामाची भर घालावी अशी माझी नम्र सूचना आहे. आठवड्यातून एक तास जवळच्या प्राथमिक शाळेत जावे, एकेका मुलाला झाडाखाली शेजारी बसवावे आणि त्याला आवडेल ते पुस्तक त्याच्याकडून ऐकावे. चूक काढू नये. तो अडला तर थांबावे. अर्थात जाण्यापूर्वी तिथल्या गुरुजींना, पालकांना आणि त्या मुलालाही विचारावे. परदेशी शाळांनी एका कुत्र्याच्या निमित्ताने एवढी विचारपूस केली, तेवढी आपण माणसांसाठी करायला हवी.

माझ्यासारखी घरातली पहिलीच शिकणारी मुले आजही त्या शाळांत आहेत. त्यांच्या घरी कदाचित आजी असेल, कदाचित नसेल. आजी असली तरी ती कामावरून थकून आलेली असेल. मी रस्त्यात कुत्रा दिसला की अजूनही बाजू बदलते, आणि पुढेही बदलेन. पण या अभ्यासानंतर एक सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे. धाकटा भाऊ धडा वाचायला बसला आणि 'पानी' म्हणाला, की मी लगेच 'पाणी' म्हणत नाही. तो धडा संपवेपर्यंत थांबते. त्यालाच एखाद्या दिवशी ती चूक ऐकू येते, आणि तो स्वतःच मागे जाऊन ती ओळ पुन्हा वाचतो.